भंडारदऱ्याला पहिल्यांदा जाताय? आधी धरणातलं पाणी बघा, मग तारीख ठरवा

एप्रिलच्या रणरणत्या दुपारी मोबाइलवर ऑगस्टमधला धबधब्याचा फोटो दाखवत "हे कुठं आहे?" असं विचारणारी माणसं धरणाजवळच्या शेंडी गावच्या चौकात हमखास भेटतात. जागा तीच असते, पण पाणी नसतं. भंडारदऱ्याला जाणाऱ्या बहुतेकांचा हिरमोड इथेच होतो. हा निसर्गातला तलाव नाही, धरणाचा जलाशय आहे. त्याचं पाणी शेतीच्या आणि विजेच्या वेळापत्रकाने चढतं-उतरतं आणि आजूबाजूची निम्मी ठिकाणं त्यावर अवलंबून असतात. म्हणून हॉटेलच्या आधी पाणी बघायचं.

पहिल्यांदा जाणाऱ्याला लागेल ते सगळं क्रमाने देतो.

१. कुठे काय आहे ते डोक्यात बसवा

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर हे धरण आहे. १९१० साली काम सुरू झालं आणि १९२६ साली पूर्ण झालं. उंची सुमारे ८२ मीटर, सगळं बांधकाम दगडी. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्यावरून त्याला विल्सन डॅम म्हणतात. मागच्या पाण्याला जुन्या कागदोपत्री आर्थर लेक असं नाव आहे. आता हा जलाशय आद्य क्रांतिकारक राघोजी भांगरे यांच्या नावाने ओळखला जातो. राघोजी याच तालुक्यातल्या देवगावचे. इंग्रजांनी त्यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. इथल्या लोकांना त्या नावाचा अभिमान आहे, तेव्हा तुम्हीही ते लक्षात ठेवा.

धरणाजवळचं बाजाराचं गाव शेंडी. हॉटेलं, जेवण, बोट, एसटी सगळं इथेच. शेंडीतून जलाशयाच्या दोन्ही काठांनी रस्ते निघतात. उत्तरेकडचा मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघरला जातो. दक्षिणेकडचा मुतखेल, कोलटेंभेवरून रतनवाडी आणि पुढे साम्रद. साम्रद आणि घाटघर एकमेकांना जोडलेली आहेत, म्हणून जलाशयाला पूर्ण फेरी मारता येते. यालाच सगळे रिंगरोड म्हणतात. एवढा नकाशा पक्का झाला की निम्मा गोंधळ संपतो.

कळसूबाईचं पायथ्याचं गाव बारी आणि रंधा धबधबा मात्र रिंगरोडवर नाहीत. बारी घोटीकडच्या रस्त्यावर लागतं, रंधा राजूरकडच्या रस्त्यावर.

२. महिना ठरवा

*जून अखेर ते ऑगस्ट.* घाटघर आणि रतनवाडीला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात, ते उगीच नाही. सह्याद्रीच्या ऐन कड्यावरची ही गावं ढग पहिल्यांदा झेलतात; याच नदीच्या खालच्या अंगाला संगमनेरपर्यंत गेलात तर पाऊस कितीतरी कमी झालेला असतो. या दिवसांत कड्याकड्यावरून पाणी कोसळतं, भातखाचरांत आवणी, म्हणजे रोपांची लावणी चाललेली असते. पण धुकं असं उतरतं की पुढची गाडी दिसत नाही. डोंगर बघायचे असतील तर हा काळ नव्हे. पाणी आणि हिरवा रंग बघायचा असेल तर याहून चांगला काळ नाही.

*१५ ऑगस्टच्या आसपास.* धरण साधारण याच सुमारास भरतं आणि त्याच सुट्टीला सगळा महाराष्ट्र इथे लोटतो. एकच सांगतो, त्या तीन-चार दिवसांत जाऊ नका. त्याच आठवड्यातला मंगळवार-बुधवार मिळाला तर तोच जलाशय, तेच धबधबे, आणि रस्ता मोकळा.

*सप्टेंबर अखेर ते नोव्हेंबर.* माझी पसंती याला. जलाशय काठोकाठ, आकाश धुतलेलं, गवतात रानफुलं, शिवारात भात पिवळा पडायला लागलेला. कळसूबाईची रांग, रतनगड, अलंग-मदन-कुलंग सगळं स्पष्ट दिसतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने डोळे मिटून हा काळ निवडावा.

*डिसेंबर ते फेब्रुवारी.* तंबूत राहणाऱ्यांचा मोसम. थंडी कडक पडते, पाण्याकाठी तर अधिकच. सांदण दरीही याच दिवसांत करावी.

*मार्च ते मे.* पाणी उतरतं, काठावर भेगाळलेला गाळ उघडा पडतो. दुपार सहन होत नाही. एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. हे धरण खालच्या तालुक्यांतली शेती भिजवतं, पण वरच्या काही वाड्यांना उन्हाळ्यात पिण्याचं पाणी डोक्यावरून आणावं लागतं. मुक्कामाच्या घरी बादलीभर पाणी मिळालं तर ते कुणीतरी वाहून आणलेलं असतं. तेवढ्यातच भागवा.

*मे अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा.* काजव्यांचे दिवस. त्याचं वेगळं सांगतो.

३. पाण्याचे आकडे वाचायला शिका

पावसाळ्यात स्थानिक बातम्यांत रोज भंडारदऱ्याचा साठा, आवक आणि विसर्ग येतो. हे तीन शब्द कळले की घरबसल्या अंदाज बांधता येतो.

साठा म्हणजे धरणात आत्ता असलेलं पाणी. ते दशलक्ष घनफुटात, म्हणजे दलघफूत देतात. धरणाची पूर्ण क्षमता ११,०३९ दलघफू, म्हणजे ११ टीएमसीपेक्षा थोडी जास्त. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. साठा ५,५०० लिहिला असेल तर धरण निम्मं भरलंय. साठा १० हजारांच्या पुढे असेल तर फोटोत दिसतो तो जलाशय तुम्हाला मिळणार.

आवक म्हणजे चोवीस तासांत नव्याने आलेलं पाणी. हा आकडा मोठा असेल तर घाटघर-रतनवाडीकडे पाऊस जोरात आहे, धबधबे भरात आहेत आणि रिंगरोडवर धुकं असणार, असं समजा.

विसर्ग म्हणजे धरणातून सोडलेलं पाणी. तो क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. विसर्ग काही हजारांवर गेला की प्रवरेच्या पात्रात कुठेही उतरायचं नाही. वर ऊन पडलेलं असलं तरी नाही, कारण ते पाणी तुमच्या डोक्यावरच्या ढगातून येत नसतं, दरवाजातून येतं. भोंगा वाजला की सामान टाकून काठावर या.

पावसाळ्याबाहेर पाणी आवर्तनाने सुटतं, म्हणजे रब्बीच्या आणि उन्हाळी पिकांसाठी ठरवलेल्या पाळीने. आवर्तनाची बातमी वाचून अंब्रेला फॉल बघायला धावू नका. त्याचं कारण सहाव्या पायरीत येईल.

४. पोहोचा

मुंबईकरांनी नाशिक महामार्गाने इगतपुरी ओलांडून घोटीला यावं आणि तिथून उजवीकडे वळून बारीमार्गे शेंडी गाठावी. घोटीपासून सुमारे ३५ किलोमीटर. नाशिककरांनाही घोटीच सोयीची. पुण्याहून दोन पर्याय: संगमनेर-अकोले-राजूर, किंवा आळेफाट्याच्या पुढे बोटा गावाहून ब्राह्मणवाडा-कोतूळ-राजूर. दुसरा रस्ता सुंदर आहे, पण उजेडातच करा.

रेल्वेने येणाऱ्यांनी इगतपुरीला उतरावं. तिथून घोटी आणि घोटीहून एसटी किंवा काळी-पिवळी जीप. शेंडीच्या पुढे एसटीवर विसंबून रिंगरोड होत नाही. तिथे स्थानिक जीप ठरवावी लागते. भाडं बसायच्या आधी ठरवा आणि कोणती ठिकाणं दाखवणार ती नावानिशी बोलून घ्या. "सगळं दाखवतो" यात घाटघर बरेचदा नसतं.

इंधन घोटी, राजूर किंवा अकोल्यातच भरून घ्या. रोख रक्कमही तिथेच काढा. रतनवाडी-साम्रदकडे रेंज जाते, म्हणजे मोबाइलवरून पैसे देणंही गेलं. नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा.

५. मुक्काम निवडा

सोबत वयस्कर माणसं किंवा लहान मुलं असतील तर शेंडीत राहा. धरणाजवळ पर्यटन महामंडळाचं निवासस्थानही आहे. ट्रेक करायचा असेल तर पायथ्याच्या गावात, रतनवाडीत, साम्रदला किंवा बारीला, कुणाच्या तरी घरी राहा. पडवीत झोपायला जागा आणि चुलीवरचं जेवण मिळतं. आदल्या दिवशी फोन करून किती माणसं, शाकाहारी किती हे सांगावं. इथे कुणी दहा जणांचा स्वयंपाक तयार ठेवत नाही. मावशी तुम्ही आल्यावर चूल पेटवतात.

जेवणात भाकरी नागलीची मागा, तांदूळ गावचा मागा. या तालुक्यात भाताची जुनी वाणं अजून जपली जातात. बीजमाता राहीबाई पोपेरे, ज्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, त्या याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या.

तंबू घेताना तीन गोष्टी विचारा: शौचालय आहे का, तंबू पाण्यापासून किती लांब आहे आणि रात्री गाणी लावतात का. तिसऱ्याचं उत्तर "हो" असेल तर दुसरीकडे बघा. आजूबाजूचं जंगल कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे. शेकरू, बिबट्या इथले रहिवासी आहेत. जलाशयावर आवाज फार लांब जातो, आणि या काठावरची गाणी पलीकडच्या गावातल्या बाळंतिणीलाही ऐकू येतात.

६. पहिली दुपार: धरण, अंब्रेला, रंधा

पोहोचलात त्या दिवशी एवढंच करा. धरणाच्या भिंतीवर जायला परवानगी असेलच असं नाही. रखवालदाराने अडवलं तर वाद घालू नका, भिंत खालच्या बाजूनेच जास्त भव्य दिसते.

अंब्रेला फॉल धरणाच्या पायथ्याशी आहे. भिंतीतल्या मोरीतून सोडलेलं पाणी एका गोलसर कातळावरून चहूबाजूंनी पसरतं. म्हणजे हा धबधबा पावसाचा नाही, झडप उघडण्याचा. पाणी वीजगृहातून सोडलं जात असेल तर आवर्तन सुरू असूनही कातळ कोरडा राहतो. त्यामुळे शेंडीत कुणालाही "आज अंब्रेला चालू आहे का?" एवढंच विचारा. चहाच्या टपरीवर अचूक उत्तर मिळतं.

रंधा शेंडीपासून राजूरच्या दिशेने दहाएक किलोमीटरवर. इथे प्रवरा सुमारे १७० फूट खोल घळीत उडी घेते. विसर्ग मोठा असेल तर तुषार वरच्या कठड्यापर्यंत येतात आणि बोललेलं ऐकू येत नाही. जवळच घोरपडादेवीचं मंदिर आहे. रंध्याला माणसं गेलेली आहेत आणि जवळपास सगळी एकाच पद्धतीने: कठड्यापलीकडे, शेवाळलेल्या कातळावर, फोटोसाठी. कठडा ओलांडू नका आणि दुसरा कुणी ओलांडत असेल तर त्यालाही हाक मारा.

सूर्यास्ताला शेंडीच्या काठावर परत या. जलाशय धरणाच्या पश्चिमेला पसरलाय, त्यामुळे सूर्य पाण्यापलीकडच्या डोंगरांत उतरतो.

७. दुसरा दिवस: रिंगरोड

सकाळी सातला निघा आणि दक्षिणेच्या काठाने आधी रतनवाडीला जा. बहुतेक गाड्या दहानंतर येतात. पावसाळ्यात वाटेत नेकलेस फॉल वगैरे लागतात, तिथे रमू नका. धबधबे दुपारीही असतात, देऊळ मात्र दुपारी शांत राहत नाही.

रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर हे या सहलीचं खरं धन आहे. शिलाहार काळातलं, हजारेक वर्षांचं, भूमिज शैलीचं. घाईने "हेमाडपंती" म्हणून पुढे जाऊ नका. शिखराकडे नीट बघा: खालून वर निमुळत्या होत गेलेल्या छोट्या छोट्या शिखरांच्या उभ्या ओळी दिसतील, आणि त्या ओळींच्या मधून कोरीव पट्टा थेट माथ्यापर्यंत चढत जातो. मग मंदिराला एक फेरी मारा. आत मंडपाच्या छताकडे मान वर करून बघा, टॉर्च लागेल. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी साठतं, पिंड पाण्यात असते.

मंदिरापासून चार पावलांवर पुष्करणी आहे. चौकोनी, पायऱ्या उतरत जाणारी, भिंतींत कोनाडे आणि कोनाड्यांत विष्णूच्या मूर्ती. पाण्यात पाय घालू नका, पायऱ्यांवर चपला नेऊ नका. मागे रतनगड उभा असतो आणि त्याच्याच अंगावर प्रवरेचा उगम मानतात.

शेंडीहून रतनवाडीला बोटही येते. जलाशय भरलेला असताना हा प्रवास रस्त्याहून कितीतरी सुरेख. अटी तीन: लाइफ जॅकेट प्रत्येकाला, वारा सुटला असेल तर जायचं नाही, परतीची वेळ नावाड्याशी आधी ठरवायची. पाणी ओसरलं की बोट मंदिरापासून लांब थांबते, गाळ तुडवत यावं लागतं.

रतनवाडीहून साम्रद, तिथून घाटघर. घाटघरच्या कोकणकड्यावरून जमीन एकदम सरळ खाली शहापूरच्या बाजूला तुटते. इथेच २५० मेगावॉटचा घाटघर उदंचन प्रकल्प आहे. विजेची मागणी कमी असताना खालच्या धरणातलं पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करायची, अशी त्याची रचना. मुलं सोबत असतील तर त्यांना हे तिथेच उभं राहून सांगा, लगेच समजतं. कड्यावर धुकं असेल तर अर्धा तास थांबून बघा, ते कधी कधी क्षणात फाटतं. कडेला मात्र जाऊ नका, वारा उलटसुलट वाहतो.

परतीला उडदावणे-पांजरे-मुरशेत. गर्दीच्या शनिवार-रविवारी वाहतूक एकेरी करतात, तेव्हा पोलीस सांगतील त्या दिशेने फेरी मारा. क्रम उलटला तरी काही बिघडत नाही.

८. ट्रेक एकच निवडा

दोन दिवसांत रतनगड, सांदण आणि कळसूबाई तिन्ही करायचं वेळापत्रक बनवू नका.

कळसूबाई: महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर, १,६४६ मीटर. बारीहून चढ साधारण तीन तासांचा. अवघड कातळांवर लोखंडी शिड्या आहेत, माथ्यावर देवीचं छोटं मंदिर. दमछाक होते, पण वाट चुकत नाही. नवख्यांसाठी हाच. नवरात्रात भाविकांची रीघ असते, तेव्हा शिड्यांवर खोळंबा धरून चाला.

रतनगड: जंगलातून वाट, शेवटी शिड्या, माथ्यावर नेढं, म्हणजे कातळाला आरपार पडलेलं भोक. त्यात बसलं की दोन्हीकडच्या दऱ्या एकाच वेळी दिसतात. जंगलात फाटे फुटतात, त्यामुळे गावातला वाटाड्या घ्याच.

सांदण: साम्रदजवळ जमिनीला पडलेली खोल, अरुंद भेग. दोन्ही भिंती इतक्या जवळ येतात की काही ठिकाणी ऊन तळाला पोहोचत नाही. सुरुवातीचा टप्पा मोठमोठ्या धोंड्यांवरून आणि वाटेत साचलेल्या पाण्यातून पार करता येतो. त्यापुढे दोर लागतो, तिथून अनुभवी गटाशिवाय जायचं नाही. पावसाळ्यात आत पाऊल टाकू नका. वर कुठेही पाऊस पडला तरी सगळं पाणी याच भेगेतून येतं आणि बाहेर पडायला बाजू नसते.

९. काजव्यांसाठी जात असाल तर

अंधार पडल्यावर हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशी एखादी झाडं अंगभर लुकलुकायला लागतात, आणि एका झाडाची लय हळूहळू शेजारच्या झाडाला लागते. हे बघायला गर्दी इतकी वाढली की गर्दीनेच काजव्यांवर संकट आणलंय. नर-मादी उजेडाच्या खुणांनी एकमेकांना शोधतात. हेडलाइट, फ्लॅश, टॉर्च पडला की ती ओळखच तुटते. त्यांची अंडी आणि अळ्या जमिनीत असतात, झाडाखाली तुडवलं की पुढच्या वर्षीचे काजवे गेले.

म्हणून वन विभागाच्या नाक्यावर शुल्क भरा, पावती जपा, गाडी सांगतील तिथे लावा आणि दिवे पूर्ण बंद करा. टॉर्चला लाल जिलेटीन कागद बांधा आणि झोत पायाशीच ठेवा. झाडापासून लांब उभे राहा. मोबाइलमध्ये काजवे येत नाहीत, तेव्हा तो खिशातच राहू द्या. जोराचा पाऊस झाला की मोसम आटोपतो, त्यामुळे निघायच्या दिवशी गावात फोन करून विचारा.

१०. सोबत काय घ्यायचं

- प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र. मुक्कामाला सगळ्यांचं मागतात
- वाहन परवाना, विमा, पीयूसी. गर्दीच्या दिवसांत तपासणी असते
- सुट्टे पैसे
- टॉर्च, जादा बॅटरी
- पकड चांगली असलेले बूट. पावसाळ्यात साधी स्लीपर नको
- कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकमध्ये बांधून
- नेहमीची औषधं. मोठं औषधाचं दुकान राजूर-अकोल्याशिवाय गृहीत धरू नका
- कचऱ्यासाठी पिशवी, जी परत घरी न्यायची
- ड्रोन आणि दारू घरीच. अभयारण्यात दोन्हींवरून अडचणीत याल

११. जलाशयात उतरायचं का?

नाही. काठाला पाणी उथळ दिसतं, पण ही बुडालेली दरी आहे: दोन पावलांवर जुन्या उताराची धार सुटते आणि पाय टेकत नाही. पाणी उतरलेलं असताना वरून घट्ट वाटणारा गाळ आत मऊ असतो. पट्टीचे पोहणारेही इथे फसलेत. पाय भिजवायचे असतील तर रस्त्याकडेच्या एखाद्या लहान ओढ्यात भिजवा, तेही वरच्या बाजूला पाऊस नसताना.

परत जाताना गावातून भात, नागली, वरई किंवा मोसमात करवंदं, जांभळं विकत घ्या. रस्त्याकडेला पाटी घेऊन बसलेल्या आजीबाईंशी घासाघीस करू नका. ती करवंदं त्यांनी पहाटे काट्यांतून वेचून आणलेली असतात. घाटघर-शेंडी रस्त्यावरून अंधार पडायच्या आत बाहेर पडा, आणि घोटीच्या बाजूने जाणार असाल तर रविवारी संध्याकाळी महामार्गाला लागणारा वेळ धरूनच निघा.